भर दुपारचा अंधार उघडताना

मी एक जुनं कार्ड आहे. मित्रांनो, पत्र्याच्या मोठ्या कॉम्प्युटरची बाजूची झडप कधी काढून बघितलीत, तर आत खाचांमध्ये उभ्या बसवलेल्या हिरव्या पाट्या दिसतील. त्यांतलीच एक पाटी म्हणजे मी. लांबीला तुमच्या वहीच्या पानाएवढा, अंगावर काळ्या चिपांची दाटीवाटी आणि वर एक छोटासा पंखा. दिसायला काही खास नाही, हे मी स्वतःच सांगून टाकतो. पण मी जे पाहिलंय ते ऐकलंत, तर तुम्हीही तोंडात बोट घालाल. मी तर अजून त्या आश्चर्यातून बाहेर आलेलो नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही आत शिरू देत नसत. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, हातात मोजे, तोंडावर फडकं. कोण हसतंय आणि कोण रागावलंय हे नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचं. एका बाईने भिंगातून माझा सांधा न् सांधा तपासला आणि शेजारणीला म्हणाली, "हे कार्ड बघ गं, कसं गुणी दिसतंय!" जन्मल्या जन्मल्या कौतुक! मी हवेतच गेलो. मग तिने मला एका यंत्राला जोडलं आणि माझ्याकडून पहिलं चित्र उघडून घेतलं. लाल फुलाचं होतं म्हणे. मला काही दिसलं नाही. माझ्यातून आकड्यांचा एक लोंढा धो धो वाहत गेला आणि समोरची बाई "अहाहा!" म्हणाली, एवढंच मला कळलं.

आता माझं काम काय, ते सांगतो. सिनेमाचे मोठे कॅमेरे जे चित्र घेतात ते अफाट असतं. तसंच ठेवायचं म्हटलं तर जागा पुरायची नाही. म्हणून कॅमेरा त्याची घट्ट घडी घालून ठेवतो. प्रत्येक कॅमेऱ्याची घडी घालण्याची तऱ्हा वेगळी. या तऱ्हेला फॉरमॅट म्हणतात. घडी ज्या तऱ्हेने घातली, त्याच तऱ्हेने ती उघडावी लागते, नाहीतर चित्र येतच नाही, किंवा येतं ते अर्धमुर्धं. मी एका कॅमेऱ्याची घडी उघडतो. एकाच. पण ती अशी सफाईने उघडतो की आतला एक दाणाही सांडत नाही. तेवढ्यापुरता मी आपल्या जागी राजा होतो.

कारखान्यातून मी आलो तो थेट रंगांच्या घरी. म्हणजे सिनेमाचे रंग जिथे नीट करतात त्या खोलीत. माझी समजूत अशी की आता सगळीकडे रंगच रंग दिसणार! आणि बघतो तर काय, भिंती राखाडी, पडदे राखाडी, जमीन राखाडी. रंग नीट करणाऱ्या बाईसुद्धा पायापासून गळ्यापर्यंत राखाडी. माझा चांगलाच हिरमोड झाला. पुढे त्यामागचं कारण कळलं. खोलीत दुसरा कुठला रंग असला की तो डोळ्यांना फसवतो. लाल भिंतीजवळ बसून काम केलं, तर पडद्यावरचा लाल फिका वाटतो आणि माणूस तो उगाच वाढवून ठेवतो. म्हणून त्या बाई वर्षानुवर्षं राखाडीच कपडे घालत. सगळे त्यांना राखाडीताई म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत.

दाराशी खुंटीवर एक राखाडी डगला टांगलेला असे. कुणी भडक कपडे घालून आलं की आधी तो अंगावर चढवायचा आणि मगच खुर्चीत बसायचं. एकदा एक निर्माते पिवळाधमक शर्ट घालून आले आणि डगला घालायला तयार होईनात. राखाडीताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या शर्टाने नायिकेला कावीळ होईल." साहेबांनी मुकाट्याने डगला चढवला.

आमचा कॉम्प्युटर पडद्याच्या खाली ठेवलेला होता. पडद्याची पाठ माझ्याकडे आणि माणसांची तोंडं माझ्याकडे. पुढच्या जाळीच्या भोकांतून मला खोली दिसायची, पण पडदा काही दिसायचा नाही. म्हणजे आयुष्यभर मी चित्रं उघडली, पण एकही पाहिलं नाही. सुरुवातीला फार वाईट वाटायचं. मग एक दिवस ताईंनी जंगलाचा प्रसंग लावला आणि काय सांगू मित्रांनो! समोर बसलेल्या माणसांच्या गालांवर हिरवी सावली उतरली. आग आली तसे त्यांचे डोळे नारिंगी चमकले. समुद्र आला आणि सगळ्यांची कपाळं निळी झाली. मी रंग पाहिले ते असे, माणसांच्या तोंडांवर. आणि बघता बघता ती तोंडं कशी बदलायची! बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहायचं, हातातला कप अधांतरी थांबायचा. मी थक्क होऊन बघत राहायचो.

ताईंच्या पुढ्यात तीन गोळे असलेली एक फळी होती. एक गोळा अंधारासाठी, एक उजेडासाठी आणि मधला बाकीच्या सगळ्यासाठी. त्या गोळ्यांवर त्यांची बोटं इतकी हलकी फिरायची की हलतात की नाही ते कळू नये. पहिल्यांदा त्या नेहमी माणसाची कातडी नीट करायच्या. "आकाश कुठलंही चालेल हो," त्या म्हणायच्या, "पण माणूस जिवंत दिसला पाहिजे."

त्यांचा साथीदार म्हणजे यंत्रं सांभाळणारा तंत्रज्ञ. कुठली तार कुठे जाते ते तो झोपेतही सांगेल. पडद्यावर काहीही नवीन आलं, साधी सूचना जरी आली, की तो पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "थांबा!" म्हणून त्याचं नाव पडलं थांबाराव. काम चालू असताना सॉफ्टवेअर कधी बदलायचं नाही, हा त्याचा नियम. नवी आवृत्ती आली, तिच्यात कितीही गमतीजमती असल्या, तरी हातातलं काम संपेपर्यंत तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. कारण नव्या आवृत्तीला जुनं कुठलं कार्ड चालेल आणि कुठलं चालणार नाही, याचा भरवसा नसतो.

त्या काळात माझी चंगळ होती. बाहेरगावची माणसं हार्ड डिस्क छातीशी धरून यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "तुमच्याकडे ते कार्ड आहे ना?" ते कार्ड! माझी छाती फुगायची. ताई आल्यागेल्याला सांगायच्या, "हे नसतं ना, तर दिवसभर पडद्यावर चक्र फिरताना बघत बसलो असतो."

पण दिवस पालटले. माझ्या शेजारच्या खाचेत एक नवीन ग्राफिक्स कार्ड आलं. जाडजूड, तीन पंख्यांचं, चालू झालं की घर डोक्यावर घेणारं. त्याला एकट्याला पन्नास तऱ्हांच्या घड्या उघडता यायच्या. माझ्या कॅमेऱ्याची कंपनी बंद पडली. मग सॉफ्टवेअरवाल्यांनी नव्या आवृत्तीतून माझं नावच काढून टाकलं. खोलीत नवा कॉम्प्युटर आला आणि आमच्या जुन्याची रवानगी शेजारच्या अडगळीच्या खोलीत झाली. ते तीन पंख्यांचं कार्ड काढून नव्यात बसवलं, मला मात्र कुणी हातही लावला नाही. आमच्या डोक्यावर आधी मोडकी खुर्ची आली, मग चहाची किटली. माझा पंखा धुळीने जाम झाला. कोळी आले आणि राहिले. मित्रांनो, कुणी वाईट बोललं तर एक वेळ चालतं, पण कुणी काही बोलतच नाही ना, तेव्हा फार लागतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका सकाळी पलीकडच्या खोलीत कुणीतरी खुर्चीला धडकल्याचा आवाज आला. अडगळीच्या खोलीचं दार कायम उघडंच असायचं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, थोडंफार दिसतही होतं.

"दादा! अरे, सांभाळून!" ताईंचा आवाज. त्यांचे थोरले भाऊ आले होते. भाऊ म्हणजे जुने कॅमेरामन. बरोबर वहिनी होत्या.

"छोटे, एक काम होतं तुझ्याकडे," दादा म्हणाले.

"काम नंतर. डॉक्टर काय म्हणाले, ते आधी सांग."

दादांनी मान फिरवली. मग वहिनीच बोलल्या. "मधलं दिसणं जाणार म्हणाले. कडेचं तेवढं राहील. दार दिसेल, पण दारात कोण उभं आहे ते कळायचं नाही. एक डोळा तर गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही म्हणाले, थोडे महिने धरून चाला."

ताईंनी दादांना धरून खुर्चीत बसवलं. मग दादांनी मफलरमध्ये गुंडाळून आणलेली एक हार्ड डिस्क टेबलावर ठेवली. "त्याआधी मला हे एकदा बघायचंय. ते ग्रहणाचं."

ग्रहणाचं म्हटल्यावर ताई चपापल्या असाव्यात, कारण थांबाराव लगेच म्हणाला, "ते? ते तर काळं आलं होतं ना?"

हकीकत अशी होती. खूप वर्षांपूर्वी खग्रास सूर्यग्रहण लागलं होतं. भर दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. त्याचा सिनेमा करायचं एका निर्मात्याने ठरवलं. सूर्याचं चित्र घ्यायला दुसरा माणूस होता. दादांचं काम होतं माणसं टिपायचं. टेकडीवर लोक वर बघत उभे असतील, त्यांना एका बाजूने घ्यायचं. उन्हाचा तडाखा म्हणून दादांनी कॅमेऱ्यापुढे गॉगलसारखी काळी काच लावली होती. सूर्य झाकला की पटकन ती काढायची, हे कुठल्याही कॅमेरामनला सांगावं लागत नाही. पण दादांची काच काढायची राहून गेली. अंधारात काळी काच! सगळ्यात मोलाच्या त्या मिनिटांत पडद्यावर नुसता काळोख आला. निर्मात्याने चारचौघांत पाणउतारा केला. सिनेमातून दादांचं सगळं काम कापलं. धंद्यातली मंडळी त्यांना "काजळशेठ" म्हणून चिडवायची. दादा हसून साजरं करायचे, पण मोठं काम पुन्हा त्यांच्याकडे आलं नाही.

"मला तेव्हाच का नाही दिलंस?" ताई कळवळून म्हणाल्या.

"लाज वाटली गं. तू एवढी नावाजलेली. म्हटलं, बहिणीला काय काळोख दाखवायचा!"

"पण तुझ्यासारख्या माणसाच्या हातून काच राहिलीच कशी?"

"वर बघत बसलो," दादा म्हणाले. "उभ्या आयुष्यात काम चालू असताना कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नव्हता. त्या दिवशी काढला. भान आलं तेव्हा सूर्य परत बाहेर येत होता. छोटे, मला एवढंच बघायचंय की त्या काळोखात काही होतं, की मी खरंच सगळं घालवलं? हे मनात घेऊन आंधळं व्हायचं नाही मला."

"जाऊ दे ना आता," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "काळोख तो काळोख. आपण दोघांनी बघितलंय ना ते आपल्या डोळ्यांनी. हिऱ्याच्या अंगठीसारखा तो झळाळ, मग काळी टिकली, तिच्याभोवती पांढरा पिसारा..."

"हिला ग्रहण तोंडपाठ आहे," दादा कौतुकाने म्हणाले. "आमच्याकडे आलेला पाहुणा ते ऐकल्याशिवाय घरी जात नाही."

नव्या कॉम्प्युटरवर ताईंनी ती डिस्क लावली. त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. तो मोठ्या चित्राबरोबर एक छोटी, हलकी नक्कलही काढून ठेवायचा, घाईत बघण्यापुरती. नव्या सॉफ्टवेअरला तेवढी नक्कलच उघडता येत होती. आणि अंधार दिसला की ती नक्कल सरळ काळा रंग फासून मोकळी व्हायची. निर्मात्याने त्या वेळी बघितली होती तीही हीच नक्कल. ताईंनी गोळे फिरवून फिरवून बघितले. "काही नाही रे दादा. वर उचलायला इथे काही शिल्लकच नाहीये."

"मूळ चित्र उघडलं तर?" दादांनी विचारलं.

"ते उघडायला कुठे काय आहे आता..." ताई म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. थांबारावही थांबला. आणि मग दोघांची पावलं माझ्या दिशेने वाजली! मित्रांनो, माझ्या अंगात वीज नव्हती, तरी मी थरथरलो.

किटली उतरली, मोडकी खुर्ची हटली. थांबारावाने आमची झडप काढली आणि फूं करून फुंकर मारली. स्वतःच्याच तोंडावर धूळ उडवून घेऊन तो शिंकत सुटला. "आहे!" तो ओरडला. "अजून खाचेतच आहे बेटं!"

दोघांनी आमचा कॉम्प्युटर उचलून राखाडी खोलीत, पडद्याखालच्या जुन्या जागी नेऊन ठेवला. पण ते इतकं सोपं कुठलं? कॉम्प्युटरला वीज देणारा डबाच मेला होता. तो बदलला, तर नव्या डब्याची एक पिन बसेना. थांबारावाने कुठून कुठून तारा आणून ती जोडली. मग जुन्या सॉफ्टवेअरची किल्ली हवी, किल्ली म्हणजे मागे खोचायचा बोटाएवढा तुकडा. त्याच्याशिवाय ते सुरूच होत नाही. ताईंनी सगळे खण पालथे घातले. शेवटी थांबारावाने खिशातून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातच तो तुकडा लटकत होता. "टाकवेना," तो ओशाळून म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो आणखीच ओशाळला.

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर पहिली सूचना आली, ती ताईंनी मोठ्याने वाचली. "नवी आवृत्ती मिळते आहे. बसवायची का?" त्यांचा हात सवयीने पुढे गेला.

"थांबा!" थांबाराव असा ओरडला की दादा खुर्चीत दचकले. "ताई, होय म्हणालात की कार्ड गेलं बाराच्या भावात! नवी आवृत्ती याला ओळखतच नाही." त्याने धावत जाऊन इंटरनेटची तारच उपटली. माझा जीव भांड्यात पडला.

दादांची डिस्क जोडली. आता फक्त मी उरलो. इतक्या वर्षांनी माझ्यात वीज शिरली. आणि लगेच चटका! माझा पंखा फिरत नव्हता. थांबारावाने बोटाने ढकलून बघितला, तर तो कुरकुरला आणि अडकला. "कार्ड तापलं तर बंद पडेल, आणि पुन्हा सुरू होईल की नाही, देव जाणे," तो म्हणाला. "बाहेरून वारा घालावा लागेल. मला इकडे तारा धरून बसायचंय. वहिनी, याल का जरा?"

वहिनींनी पुठ्ठ्याची एक फाइल उचलली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून वारा घालायला लागल्या. "नवऱ्याला कधी घातला नाही एवढा वारा," त्या पुटपुटल्या. मी त्यांना इतक्या जवळून बघत होतो. पिकलेले केस, कपाळावर घाम. आणि खरं सांगतो, त्यांच्या डोळ्यांत भीती होती. आपलं काहीतरी उघडकीला येणार असं माहीत असलेल्या माणसाची भीती. मला काही उमजेना.

मी पहिली घडी उघडली. आकडे आले, आणि काय आकडे! नकलेने काळा फासला होता ना, तो काळा नव्हताच. त्याच्या तळाशी अगदी बारीक, मंद, दबलेले आकडे होते, लाखांनी. काळ्या काचेतून गाळून, गाळून जेवढा उजेड आत शिरला, तेवढा त्या कॅमेऱ्याने जिवापाड जपून ठेवला होता. माझ्या आयुष्यात मी एवढं नाजूक काही हाताळलं नव्हतं. म्हटलं, जळालो तरी चालेल, यातलं काही सांडायचं नाही.

"काळंच आहे," दादा म्हणाले.

"गप्प बैस," ताई म्हणाल्या. त्यांनी अंधाराचा गोळा हळूच वर केला. "मुंग्या आल्या. नुसते वळवळणारे ठिपके. थांब... दादा, हे काय? खाली हे काय आहे?"

दादांच्या कपाळावर एक नारिंगी पट्टी उमटली. मी ती पाहिली. जाळीतून अगदी स्पष्ट.

"क्षितिज आहे!" ताईंचा आवाज फाटला. "दुपारी! अरे, डावीकडे संध्याकाळ, उजवीकडे संध्याकाळ, सगळीकडून एकदम संध्याकाळ झालीये! आणि वर निळं... असा निळा मी जन्मात बघितला नाही."

त्यांच्या तोंडांवर तो निळा उतरला. बाप रे, मित्रांनो! मी समुद्राचे निळे पाहिलेत, रात्रीचे पाहिलेत. हा त्यांतला नव्हता. थांबारावाचं तोंड उघडं ते उघडंच. तो "थांबा" म्हणायलाही विसरला.

"माणसं येतायत," ताई सांगायला लागल्या, कारण दादांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं होतं. "सगळी एका बाजूने दिसतायत, सगळ्यांच्या माना वर. एका आजोबांनी टोपी काढून छातीशी धरलीये. एका बाईच्या खांद्यावर पोर आहे, त्याने तिचे केस मुठीत धरलेत. दादा, तू काही घालवलं नाहीस. सगळं आहे रे, सगळं! तू म्हणून... थांब हं. एकजण वर बघत नाहीये."

माझ्यासमोरचा पुठ्ठा थबकला. मला भडकन चटका बसला.

"वहिनी, वारा!" थांबाराव किंचाळला.

पुठ्ठा पुन्हा हलायला लागला.

"एवढ्या माणसांत एकच चेहरा सरळ समोर वळलेला आहे," ताई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी मधला गोळा फिरवला, पहिल्यांदा कातडी, नेहमीसारखी. "दादा, या तर..."

"कळलं मला," दादा म्हणाले. त्यांनी मान तिरकी करून, चांगला डोळा पडद्याला भिडवून किती वेळ पाहिलं. मग ते पडद्याशीच बोलले, "अगं, डोक्यावर सूर्य विझलाय, आणि तू इकडे काय बघतेस?"

वहिनी खाली, माझ्याजवळ. त्यांनी वारा घालणं थांबवलं नाही. "तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"आणि ती हिऱ्याची अंगठी? तो पिसारा? इतकी वर्षं लोकांना सांगत आलीस ते?"

"ते परतीच्या बसमध्ये शेजारच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. तेच मी पुढे सांगत आले."

थांबारावाला हसू फुटलं, ते त्याने कसंबसं गिळलं. दादांनी पडद्याकडची मान खाली वळवली. "का पण?" एवढंच ते म्हणाले.

"लग्न झाल्यापासून मी तुम्हाला काम करताना बघितलं ते एका डोळ्याने," वहिनी म्हणाल्या. "दुसरा कॅमेऱ्यात. आमच्या वाट्याला कायम अर्धं तोंड. त्या दिवशी तुम्ही डोळा काढलात आणि नुसते बघत राहिलात. तोंड उघडं, अगदी लहान पोरासारखं. मला वाटलं, सूर्याला काय, सगळी टेकडी बघतेय. हे कोण बघणार?"

मित्रांनो, मला ते लगेच समजलं. मला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही त्या काळोखापायी एवढे खचला होता. म्हटलं, वर आणि सांगायचं की मीसुद्धा काही बघितलं नाही? निदान तुमच्याबरोबर कुणीतरी ते बघितलं, एवढं तरी तुमच्याजवळ असू दे."

ताईंनी डोळे पुसले. त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्या कामाचंच बोलल्या. "दादा, अजून साफ होईल. मुंग्या काढते, चेहरा थोडा उजळते. मोठा करून देऊ का?"

"नंतर," दादा म्हणाले. "आधी पडदा बंद कर. आणि मोठा दिवा लाव."

त्या खोलीत मोठा दिवा कधीच लावत नसत. बटण कुठे आहे, तेही थांबारावाला शोधावं लागलं. दिवा लागला आणि राखाडी खोली लख्ख झाली. दादा खुर्चीवरून उठले, चाचपडत आले आणि वहिनींच्या समोर जमिनीवर बसले. त्यांनी वहिनींची हनुवटी हातात धरली आणि मघाशी पडद्याजवळ नेला होता तेवढा चेहरा जवळ नेला. मान तिरकी केली. चांगला डोळा लावला. आणि बघत राहिले.

"घाम आलाय तुला," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"तुमच्या कार्डाला वारा घालून," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

आता माझा पंखा नवा आहे. थांबारावाने मला पुसूनबिसून परत उभं केलं आहे, आणि अधूनमधून कुणीतरी एखादी कुणालाच न उघडणारी डिस्क घेऊन येतं. मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी त्याला काय उघडता येतं, एवढं विचारा. त्याची धूळ पुसा, पंखा फिरतोय का बघा. आणि तुमच्यासमोर कधी काही अचाट घडत असेल, तर ते डोळे भरून बघा. पण मधेच एकदा मान वळवा आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाचं तोंडही बघून घ्या. ते पुन्हा उघडून दाखवायला दर वेळी माझ्यासारखं कार्ड मिळेलच असं नाही.